खंडेनवमीचा हातोडा

नवरात्र संपत आलं आणि रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग दिसू लागले की ते प्रकरण मला हटकून आठवतं. तसं पाहिलं तर प्रकरण मोठं नव्हतं. खून नाही, दरोडा नाही, वर्तमानपत्रातही आतल्या पानावर चार ओळी आल्या तेवढ्याच. नोकरीत हाताळलेल्या कितीतरी मोठ्या गुन्ह्यांतली माणसं आता मला नीटशी आठवत नाहीत. या प्रकरणातल्या माणसांचे मात्र चेहरे, आवाज, बोलण्याची पद्धत सगळं जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यांतले बहुतेक जण याच शहरात राहतात आणि अधूनमधून मला भेटतातही.

तेव्हा मी आळंदी रस्त्याच्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. सणासुदीचा बंदोबस्त म्हणजे आमच्या खात्यात वर्षभराची परीक्षाच असते. गणपतीची झोप भरून निघत नाही तोच नवरात्र दारात उभं. अष्टमीच्या सकाळी मी ठाण्यात येऊन बसलो, तोच रुग्णालयातल्या चौकीवरून फोन आला. अपघातातली एक बाई बेशुद्ध अवस्थेत दाखल झाली होती आणि तिला घेऊन येणाऱ्या माणसाला लोक तिथंच मारत होते.

झालं होतं ते असं. विश्रांतवाडीच्या पुढे रस्त्याच्या कडेला सणाला फुलवाले बसतात. ही बाई यवतमाळकडची. नवरा खराडीत इमारतींच्या कामावर सेंटरिंग करायचा. ती एरवी भाजी विकायची आणि दसऱ्याला झेंडू. चांगली जागा मिळावी म्हणून उजाडायच्या आत येऊन तिनं पाटी मांडायला घेतली होती, तेवढ्यात एका वाहनानं तिला उडवलं. बाकीचे फुलवाले जरा लांब, वळणाच्या पलीकडे माल उतरवून घेत होते. धडक कुणी पाहिली नाही, आवाज सगळ्यांनी ऐकला. धावत आले तर समोर एक पिकअप टेम्पो उभा, टेम्पोचं नाक डावीकडून चेपलेलं, एका दिव्याला चिकटपट्टी मारलेली आणि ड्रायव्हर त्या बाईला उचलून टेम्पोतल्या फुलांवर ठेवतोय. लोकांना एवढं पुरे झालं. टेम्पो रुग्णालयात पोचला आणि मागोमाग मोटरसायकलींवरून हेही पोचले.

टेम्पोवाला पुरंदरच्या बाजूच्या एका खेड्यातला शेतकरी. स्वतःच्या रानातला झेंडू घेऊन निघाला होता. चाळिशीच्या आतला, अंगानं किडकिडीत माणूस. ओठ फुटलेला, शर्टावर बाईचं रक्त आणि खिशात फुलांच्या पाकळ्या. त्याला मी समोर बसवलं, पाणी दिलं. त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझ्या शेजारी उभा असलेला हवालदार तोंडावर हात धरून हसला.

"म्या न्हाई उडवलं साहेब. माझ्या म्होरं एक जुनी गाडी व्हती, लांब नाकाची. लग्नात नवरदेव बसवत्यात तसली. ती जरा थांबली, आन् मंग निघून ग्येली."

हवालदाराचंही फार चुकलं नाही. पहाटेच्या वेळी आळंदी रस्त्यानं नवरदेवाची गाडी कशाला जाईल? आपल्या अंगावर आलं की माणसं अशी न दिसणारी वाहनं उभी करतात, हा आमचा नेहमीचा अनुभव. टेम्पोच्या नाकावरची चेपही त्याच्या विरोधात होती. ती मार्केट यार्डाच्या फाटकाला लागून पावसाळ्याआधीच झालीय, असं तो शपथेवर सांगत होता. मी जाऊन बघितलं. चेपेच्या घडीत धूळ बसली होती, कडेला गंज धरला होता. चेप जुनी होती यात शंका नाही. पण जुन्या चेपेवर नवीन ठोकर बसत नाही असं थोडंच आहे? आरटीओचा निरीक्षक टेम्पो तपासणार होता, तेही सुट्ट्या संपल्यावर.

पंचनाम्याला गेलो तर तिथंही नशीब आडवं. फुलवाल्या बायकांनी चांगुलपणानं रक्तावर पाणी मारून जागा झाडून घेतली होती. काच, रंग, टायरची खूण, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. रस्त्यावर कॅमेरे दोन. दोन्हींच्या पुढ्यात नवरात्रीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स टांगलेले. भावी नेत्यांचे हसरे चेहरे रात्रंदिवस रेकॉर्ड करण्यापलीकडे त्या कॅमेऱ्यांना दुसरं काम नव्हतं. मी माझ्या नोकरीत फ्लेक्सवर जितका संतापलो तितका गुन्हेगारांवरही संतापलो नसेन.

बाईच्या नवऱ्यानं टेम्पोवाल्याविरुद्ध फिर्याद दिली. त्याचाही दोष नव्हता, त्याला लोकांनी सांगितलं तेच त्यानं सांगितलं. गुन्हा दाखल झाला, टेम्पो ताब्यात घेतला. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये असा कायदा आहे, आणि तो मी माझ्या माणसांना दर महिन्याला वाचून दाखवायचो. पण मदत करणारा हाच धडक देणारा असेल तर तो कायदा लागू होत नाही. सगळं घोडं तिथंच अडलं होतं. बाई शुद्धीवर नव्हती, डोक्याला मार होता आणि डॉक्टर काहीच सांगायला तयार नव्हते. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर कलम बदललं असतं आणि हा माणूस तुरुंगात गेला असता.

नोटीस देऊन त्याला घरी जायला सांगितलं, तर तो जाईना. आवारातल्या चिंचेखाली, टेम्पोजवळच बसून राहिला. संध्याकाळी मी गाडीत बसायला निघालो तेव्हा उठून उभा राहिला. मला वाटलं, टेम्पो सोडा म्हणेल. तो म्हणाला, "साहेब, बायकू फोनवर येकच इचारती. थांबलाच कशापायी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. एवढी वर्षं वर्दी घातलेल्या माणसाकडे नाही तर कुणाकडे असणार? मी काहीतरी पुटपुटलो आणि गाडीत बसलो. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, हे इथं लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी ज्याची त्याची हत्यारं विश्रांती घेतात आणि त्यांची पूजा होते. सुतार पटाशीला हात लावत नाही, कारखान्यात यंत्रं बंद असतात, आणि पोलीस ठाण्यात आमचं शस्त्रपूजन असतं. शस्त्रागारातल्या बंदुका तेलपाणी करून पांढऱ्या चादरीवर मांडतात, लाठ्या आणि बेड्याही शेजारी ठेवतात. त्या वर्षी चादरीभोवतीचे हार टेम्पोवाल्यानं गुंफले. फोटो आणि पंचनामा झाल्यावर मी त्याला फुलं उतरवू दिली होती. बहुतेक माल त्याचा मेहुणा येऊन घेऊन गेला, एक पाटी त्यानं आमच्यासाठी मागे ठेवली. पोलिसांनी ज्याच्यावर गुन्हा दाखल केलाय तो पोलिसांच्या बेड्यांना हार घालतोय, असं दृश्य मी तरी पुन्हा पाहिलेलं नाही.

पूजा झाली, पेढे वाटले. आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. कामाला वाघीण आणि बोलायला तिखट. त्या नाना पेठेच्या अंगाला, गॅरेजांच्या गल्लीमागे राहायच्या. त्यांच्या सासूबाईंचा फोन आला, म्हणून त्या बाजूला जाऊन बोलल्या आणि हसत परत आल्या.

मी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, "काही नाही सर. सासूबाई वैतागल्यात. अख्खी गल्ली पूजा करून गप्प बसलीय आणि उस्ताद सकाळपासून आत ठोकत बसलेत. दार लावून. आजच्या दिवशी कधी नाही ते."

उस्ताद कोण, हे मी विचारलं. तो डेंटर. म्हणजे ठोकरून चेपलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारा. कैक पिढ्यांचं पुण्यातलं मुसलमान घराणं, वडीलही तेच काम करायचे. गल्लीत बाकी सगळी हिंदूंची दुकानं, त्यामुळं म्हणा किंवा हत्यारावरच्या मायेनं म्हणा, त्याच्या वडिलांपासून खंडेनवमीला त्या दुकानात हातोडा उचलत नसत. हत्यारं धुऊन-पुसून फळीवर ठेवायची, त्यांना फुलं वाहायची आणि गल्लीभर मिठाई वाटायची. असा हा माणूस आज दार लावून ठोकत होता.

"कुठल्या गाड्या करतो?" मी विचारलं.

"नव्या गाड्यांना तो हातसुद्धा लावत नाही सर. सगळ्या जुन्या, शौकिनांच्या. लग्नाबिग्नात असतात ना, तसल्या."

हे बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. आम्ही दोघांनीही खिडकीतून बाहेर बघितलं. टेम्पोवाला चिंचेखाली उरलेले देठ गोळा करत होता.

तपासात माहिती कशी मिळते, असं मला लोक अजून विचारतात. त्यांना वाटतं, अंधाऱ्या कोपऱ्यात कुणी खबऱ्या कानात सांगतो. तसंही होतं कधीकधी. पण पुष्कळदा एखादी सासू कुरकुर करते आणि एखादी सून ती साहेबांच्या कानावर घालते.

मी साध्या कपड्यांत गेलो, सोबत हवालदार बाई. गल्ली खरोखर शांत होती. शटरं अर्धी ओढलेली, दारांत रांगोळ्या, स्पॅनर-पान्यांच्या ओळींवर हळदकुंकू. आणि त्या शांततेत एका दारामागून ठक, ठक, ठक. जोरात नाही, हलक्या हातानं, पण थांबता थांबत नव्हतं. दार वाजवलं तसा आवाज बंद झाला.

दार उघडलं ते खुद्द उस्तादनं. साठी उलटलेली, मेंदीनं लाल केलेली दाढी, गळ्यात रेशमी रुमाल, पायांत चकचकीत बूट. गॅरेजवाला म्हणून ओळख करून दिली असती तर कुणाला पटलं नसतं. त्याच्यामागे ती गाडी उभी होती. काळी आणि मरून रंगाची, लांब नाकाची, पुढचा डावा भाग रंग खरवडून उघडा केलेला. उघडा पत्रा आरशासारखा चमकत होता. डाव्या दिव्याच्या जागी नुसतं भोक होतं.

मी ओळख दिली. तो जरासा दचकला, पण लगेच सावरला. स्टूल पुसून बसायला दिलं, चहा मागवला. गाडी कुणाची, तर शहरातल्या एका बड्या घरच्या गृहस्थांची. त्यांच्या वडिलांची गाडी, आणि उस्तादच्या वडिलांनीच ती तेव्हा सांभाळलेली. ठोकर लागलीय का? छे छे. गंज खाल्ला होता साहेब, जुना पत्रा आहे, दिवाळीआधी रंगवून घ्यायचीय. गाडी बरेच दिवस इथंच उभी आहे. हे सगळं तो माझ्याकडे न बघता गाडीकडे बघून बोलत होता.

आता चौकशीबद्दल एक सांगतो. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवलं तर तो आणखी खोटं बोलतो. तरुणपणी मीही टेबलावर हात आपटायचो, पुढे कळलं की त्यानं टेबल तेवढं दुखतं. माणसाला कशाचा अभिमान आहे ते शोधायचं आणि तिथं बोट ठेवायचं. या उस्तादचा अभिमान शोधायला मला लांब जावं लागलं नाही. भिंतीवर त्याचे गाड्यांसोबतचे फोटो होते, राजे-रजवाड्यांना शोभावेत असे.

मी उठलो, गाडीभोवती एक फेरी मारली, चमकणाऱ्या पत्र्यावर टिचकी मारली आणि हवालदार बाईंना म्हणालो, "काम बेताचंच दिसतंय. आत पुट्टी भरून वरून घासलंय. आमच्या जीपला करतात तसं."

बाईंनी लगेच सूर धरला. "हो सर. आमच्या मागच्या गल्लीतला पोरगा याहून बरं करतो."

उस्तादचा चेहरा दाढीपेक्षा लाल झाला. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"पुट्टी? साहेब, तुम्ही पाहुणे म्हणून ऐकून घेतो. माझ्या वडिलांनी या दुकानात पुट्टीचा डबा येऊ दिला नाही. इथं हात घाला. आतून घाला, असा. लागतेय कुठं पुट्टी?"

मी हात घातला. म्हटलं, मला काय कळणार, वरवर ठोकलेलं असेल.

"वरवर?" तो आता पुरता पेटला होता. पत्रा कसा सरळ होतो ते तो मला सांगू लागला. हातात मावेल असा लोखंडी ठोकळा आतल्या बाजूनं धरायचा आणि बाहेरून हातोडीनं बोलवायचं. बोलवायचं, हा त्याचाच शब्द. ठोकर बसली की पत्रा ताणला जातो, वाढतो. तो वाढलेला पत्रा गॅसनं लाल करून ओल्या फडक्यानं परत आवळायचा. एका जागी जास्त ठोकलं तर तो रुसतो, मग आयुष्यभर सरळ येत नाही. शेवटी जो केसाएवढा खड्डा राहील तिथं शिसं वितळवून भरायचं. बोलता बोलता त्यानं हातोडी उचलली आणि दाखवायला लागला.

"हे मडगार्ड टायरला जाऊन टेकलं होतं साहेब, टायरला. जाळी पार आत बसलेली. साखळी लावून नाक ओढलं तेव्हा कुठं रेषेत आलं. दुसरा कुणी असता तर कापून नवा पत्रा जोडला असता. मी एक इंच कापला नाही. आणि तुम्ही म्हणता पुट्टी."

तो थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हातातली हातोडी हळूहळू खाली आली.

मी म्हणालो, "उस्ताद, गंजानं मडगार्ड टायरला टेकत नाही."

तो स्टुलावर बसला. गळ्यातला रुमाल सोडून मांडीवर ठेवला. मग त्यानं सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की हवालदार बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं. गाडी अष्टमीच्या सकाळी आली. मालक म्हणाले, फाटकाच्या खांबाला लागली. दसऱ्याला घरी गाडीची पूजा असते, सगळा गोतावळा जमतो, तोवर निदान आकार आला पाहिजे. त्यांच्या वडिलांनी उस्तादच्या वडिलांना या दुकानात उभं केलं होतं, तेव्हा नाही कसं म्हणणार? जाळी बाहेर काढली तर तिच्या पट्ट्यांत झेंडू चेंगरून बसलेला. त्यानं मालकांना विचारलं. ते म्हणाले, दसरा आहे, फुलं काय, सगळीकडेच असतात.

"खांबाला फुलं असतात होय साहेब? मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंच होतं, खरं सांगतो. पुढचं विचारलं नाही." त्यानं डोळे पुसले. "आज सकाळी हत्यार उचललं तेव्हा अब्बा समोर दिसत होते."

मी त्याला टेम्पोवाल्याबद्दल सांगितलं. बाईला उचलणारा माणूस आमच्या आवारात चिंचेखाली बसलाय आणि त्याच्या टेम्पोच्या नाकावर फाटकाची चेप आहे, हेही सांगितलं. उस्ताद उठला आणि कोपऱ्यातून एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात फुटलेल्या दिव्याची काच होती. जाड, रेघारेघांची, हल्लीच्या गाड्यांना नसते तसली. त्यानं तुकडे फडक्यावर मांडून गोल जुळवला. वरचा एक मोठा तुकडा कमी होता. असली काच आता मिळत नाही, म्हणून त्यानं तो गाडीत सगळीकडे शोधला होता.

पंच बोलावले, रीतसर पंचनामा करून गाडी, जाळी, फुलं आणि काच ताब्यात घेतली. मी मात्र त्या कमी असलेल्या तुकड्याचा विचार करत होतो. रस्ता झाडला होता, पाणी मारलं होतं. मग हवालदार बाईंनीच विचारलं, "सर, तिची पाटी कुठाय?"

पाटी रुग्णालयात होती, बाईबरोबर टेम्पोतच आली होती. नवऱ्यानं ती वॉर्डात तिच्या खाटेखाली सरकवून ठेवली होती. नर्सनं टाकून द्यायला सांगितलं तर म्हणाला, उठल्यावर थे पाटी मागन, मंग मी काय देऊ? सुकलेल्या, काळवंडलेल्या झेंडूच्या तळाशी तो तुकडा पडलेला होता, तळहाताएवढा. डब्यातल्या काचेला लावून बघितला. बसला. तिची फुलं त्या जुन्या गाडीत निघाली आणि त्या गाडीची काच तिच्या पाटीत. नवरा आमच्या हातांकडे बघत होता. त्याला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो मटकन खाली बसला. "म्हंजे म्या त्या भावाच्या नावानं खोटी फिर्याद देल्ली," एवढंच म्हणाला.

गाडीच्या मालकांकडे आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. प्रशस्त बंगला, फाटकाचा खांब धडधाकट. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, ताठ, इस्त्रीचा सदरा. पहिलं वाक्य अस्सल पुणेरी. "आपण आधी कळवून आला असतात तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, "तुम्हीही अष्टमीला तसंच केलं असतंत तर बरं झालं असतं."

त्यांनी उस्तादचं नाव ऐकलं, काचेचा उल्लेख ऐकला आणि विरोध केला नाही. दरवर्षी दसऱ्याआधी पहाटे ते वडिलांची गाडी एकटेच बाहेर काढायचे, इंजिन मोकळं व्हावं म्हणून. ब्रेक वेळेवर लागला नाही. मी विचारलं, थांबला का नाहीत?

"थांबलो होतो," ते म्हणाले. "दार उघडायला हात घातला होता. तेवढ्यात आरशात दिसलं, मागे एक टेम्पो थांबला आणि माणूस उतरून पळत आला. वाटलं, आता कुणीतरी बघेल तिच्याकडे." मग विचारलं, "आहे ना ती?"

"आहे," मी म्हणालो. "आणि तो थांबलेला माणूस आरोपी म्हणून आमच्याकडे आहे."

ते खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडले. मला त्यांचा राग आला होता, तो पुरता गेला नाही. पण ते पक्के निर्ढावलेले नव्हते, हेही खरं. जबाब देताना त्यांनी एक शब्द झाकला नाही आणि पुढे न्यायालयातही गुन्हा कबूल केला. तिच्या उपचारात काही कमी पडू दिलं नाही. ते त्यांचं कर्तव्यच होतं, म्हणून त्याचं कौतुक करत नाही.

दसऱ्याच्या सकाळी बाई शुद्धीवर आली. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी आणि हवालदार बाई जबाबाला गेलो. तिनं गाडी पाहिलीच नव्हती, धडक मागून बसली होती. आमची सगळी धावपळ झाली नसती तर तिच्या जबाबानं टेम्पोवाला सुटलाच असता असं नाही. पण तिला एक गोष्ट आठवत होती. फुलांचा वास येत होता, सगळं हलत होतं, आणि कुणीतरी एकसारखं बोलत होतं.

"एक माणूस म्हने, बहिनी डोये उघडे ठेवा, आलं, आलं. त्यायच्या गावचं काहीबाही सांगत होता. मले वाटलं, माहा भाऊच हाये."

टेम्पोवाला वॉर्डाच्या दारात उभा होता. मी मुद्दाम त्याला सोबत नेलं होतं. तिच्या नवऱ्यानं जाऊन त्याच्या पायाला हात लावला, तसा तो चार पावलं मागं सरकला. मग दोघंही एकमेकांचे दंड धरून रडायला लागले आणि नर्स बाई ओरडली की इथं गर्दी करू नका. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पोलिसाचेही डोळे भरून येतात, फक्त त्याला खिडकी शोधावी लागते.

टेम्पो सोडण्याचे कागद मी त्याच दिवशी तयार करायला घेतले. न्यायालयाला कळवायचा अहवाल स्वतः लिहिला, कारण त्यात एकही शब्द कमी पडू द्यायचा नव्हता. उस्ताद पुढे साक्षीदार म्हणून उभा राहिला. पुरावा नाहीसा करायला मदत केल्याची टांगती तलवार त्याच्यावर होती, तरी त्यानं काच आणि जाळी स्वतःहून दिली हे न्यायालयानं लक्षात घेतलं.

सुट्ट्या संपून टेम्पो ताब्यात मिळाला त्या दिवशी उस्ताद ठाण्याच्या फाटकात हजर. टेम्पोवाल्याचा हात धरून म्हणाला, ही चेप माझ्याकडे आण. तो बिचारा घाबरला, नको म्हणाला. पण उस्तादनं ऐकलं नाही. नव्या गाड्यांना हात न लावणाऱ्या त्या माणसानं पिकअप टेम्पोचं नाक सगळं खोलून, ठोकळा आणि हातोडी घेऊन, आतून बोलवून बोलवून सरळ केलं. पुट्टी नाही, कापणं नाही. टेम्पोवाला कंटाळून म्हणाला, "उस्ताद, फुलं न्यायचीत, टेम्पोचं लगीन न्हाई लावायचं." ती जुनी गाडी मात्र बंगल्यावर परत गेल्यावरही पुष्कळ दिवस तशीच होती, डावा भाग उघडा. आधी टेम्पो, मग बघू, असं उस्तादनं मालकांना सांगितलं होतं, आणि त्यांनी मान्य केलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? माणसं खोटं बोलतात ते बहुतेक वेळा भीतीनं किंवा भिडेनं, आणि खरं बोलतात ते आपल्या कामावरच्या प्रेमानं, हे तर शिकलोच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की एका पहाटे एकाच रस्त्यावर दोन माणसं थांबली होती. त्यांतला एक दुसऱ्याला बघून निघून गेला. दोघांमध्ये फरक एवढाच होता, आणि बाईचा जीव त्या फरकावर होता. मदत करणाऱ्याची ओळख पोलीस ठाण्यात पुसली गेली तर उद्या दोघंही निघून जातील. त्याला सोडवणं म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हते, ती आमच्या सगळ्यांच्या रस्त्याची दुरुस्ती होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला उस्तादचं बोलावणं आलं. गल्ली शांत होती आणि या वेळी त्याच्या दुकानातूनही आवाज नव्हता. हातोड्या, ठोकळे, कात्र्या धुऊन पांढऱ्या फडक्यावर मांडल्या होत्या. फुलं टेम्पोवाल्याच्या रानातली, आणि हार गुंफायला ती बाई बसली होती. हाताला जरा कंप राहिलाय, पण गाठ पक्की मारते. शेजारी तीच पाटी.

टेम्पो दारात उभा होता. मी त्याच्या नाकावरून हात फिरवला, चेप कुठं होती ते सापडलं नाही. टेम्पोवाला पेढा घेऊन आला, तेव्हा इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. पुन्हा अशी वेळ आली तर थांबशील का?

"थांबलो की," तो म्हणाला. "दिवे घाटात येक मोटरसायकलवाला पडला व्हता. न्हेला दवाखान्यात. नाव इचारलं त्यांनी."

"मग?"

"सांगितलं. पुरं नाव, गावासकट."

बायकोनं या वेळी काय विचारलं, असं मी म्हटलं. तो हसला. ती सोबतच होती, म्हणाला, त्या पोराचं डोकं तिच्याच मांडीवर होतं.